साध्या खाण्यावर

माळ्यानं प्लेट थेट माझ्या कीबोर्डवर ठेवली आणि म्हणाला, "बघ." बोटं काढून घ्यायलाही त्यानं मला सवड दिली नाही. बशीपेक्षा लहान, झाकण असलेली ती पारदर्शक प्लेट. तळाशी जेलीसारखा फिकट थर. आणि त्या थरावर, खिडकीकडून तिरपा उजेड पडला तेव्हा दिसले, खसखशीएवढे पांढरे ठिपके. मोजके आणि विखुरलेले. "हे काय?" मी विचारलं. "तुझं मढं," तो म्हणाला. "उठून बसलंय." आणि हाताची घडी घालून माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला, आता ही रडते की भांडते ते पाहायला. मला दोन्हींपैकी काहीच झालं नाही. मला हसू आलं. शाळेत सगळे गंभीर उभे असताना यायचं तसलं, दाबलं की आणखी वर येणारं. मॉडेल माझं, त्यावर घातलेली वर्षं माझी, चुकलं होतं तेही माझंच, आणि मी ओठ मुडपून हसू आवरत बसले होते. "बरी आहेस ना?" माळ्यानं विचारलं. "बरी आहे," मी म्हटलं, आणि प्लेट पुन्हा उजेडात धरली.

माळी म्हणजे बागेतला माळी नव्हे. आमच्या संस्थेत तळमजल्यावर जो जंतू वाढवतो त्याला सगळे माळी म्हणतात, कारण तो त्यांना खायला घालतो, ऊब देतो, आणि ते वाढले नाहीत तर दोन दिवस कुणाशी धड बोलत नाही. मी वरच्या मजल्यावर बसते आणि तेच जंतू कंप्युटरमध्ये वाढवते. माझ्या हाताला कधी ओल लागत नाही म्हणून तो मला कोरडी म्हणतो. माझं काम सांगायला सोपं आहे. एक जंतू घ्यायचा. तो काय खातो, खाल्ल्याचं काय करतो, कशापासून काय बनवतो, ती एकेक पायरी बाणानं लिहायची: ह्यापासून ते, त्यापासून आणखी काही. असे हजारभर बाण, की झालं मॉडेल. मग कंप्युटरला म्हणायचं, एवढी साखर आत येतेय, ती ह्या बाणांवरून अशी फिरव की जंतू जास्तीत जास्त वाढेल. तो फिरवतो. मग एक जनुक काढायचं, म्हणजे त्या जनुकाच्या जोरावर चालणारा बाण पुसायचा, आणि पुन्हा विचारायचं: आता? कधी उत्तर येतं, काही फरक नाही. कधी येतं, जरा मंद. आणि कधी येतं शून्य. शून्य म्हणजे संपला. हे मी इतक्या वेळा केलंय की बसच्या रांगेत उभी असतानाही मनात येतं, ह्यातला कोण काढला तर रांग मोडेल. आणि आई गेली त्या दिवशी, दवाखान्याच्या लांबलचक पॅसेजमध्ये, बाबा मांडीवर दोन्ही हात ठेवून बाकावर बसले होते, तेव्हा त्यांच्याकडे बघून मी पडद्यावर वाचावं इतकं स्वच्छ वाचलं होतं: शून्य.

आमच्या घरात बोलण्याचं खातं आईकडे होतं. बाबा दातांच्या कवळ्या बनवायचे. मागच्या खोलीत त्यांचं टेबल, टेबलावर मेण, प्लास्टर, कानशी, पॉलिशचं एक छोटं गुणगुणणारं चाक, आणि भिंतीवरच्या फळीवर लोकांची तोंडं. म्हणजे तोंडांचे ठसे. लहानपणी मी त्या एकेका तोंडाला एकेक आवाज देऊन त्यांची आपापसांत भांडणं लावायची. बाबा ऐकायचे, पण कानस थांबवायचे नाहीत. लोकांना बोलतं करायचा ज्यांचा धंदा ते स्वतः मूग गिळून बसलेले. गिऱ्हाईक आलं की दार आई उघडायची, कुठे टोचतंय ते आई विचारायची, आणि आतून कवळी घेऊन यायची तीही आईच. "हे म्हणतात, झोपताना काढून पाण्यात ठेवा." ह्यांनी असं काहीही म्हटलेलं नसायचं. आई बाबांच्या वतीनं बोलायची आणि बाबा आईच्या वतीनं गप्प बसायचे, असा तो संसार होता आणि झकास चालला होता. मी परीक्षेत पहिली आले ते बाबांना आईनं सांगितलं, आणि बाबांना किती आनंद झाला ते मला आईनं सांगितलं. फोन वाजला तर बाबा त्याच्याकडे असे बघायचे, जणू तो शेजारच्यांचा आहे. शेवटच्या आजारपणात, आवाज कांद्याच्या पापुद्र्याएवढा उरला असताना, आई हसत म्हणाली होती, "मी गेले की ह्यांच्या तोंडाला कुलूप. डॉक्टरला जीभ दाखवायला उघडतील, तेवढंच." तेव्हा हे भाकीत मुळात तिचं. मी त्याला फक्त आकडा दिला.

आणि भाकीत खरं ठरलं, निदान तसं दिसत होतं. आई गेल्यावर बाबा खिडकीपाशी खुर्चीत जे बसले ते बसले. समोर ठेवलं तर जेवायचे, दिवा लावला तर उजेडात बसायचे, नाही लावला तर अंधारात. टेबलावर त्यांनी एक चादर टाकली. चाकाचं गुणगुणणं थांबलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आमच्या घराला तो एक आवाज होता, कारण आई थांबायची तेव्हा मागे तो ऐकू यायचा. ताईनं वर्षभर वाट पाहिली आणि मग ठरवून टाकलं. ताई माझ्यापेक्षा वयानं मोठी आणि आवाजानं त्याहून मोठी. दुसऱ्या गावात राहते; मी ह्याच गावात, पण बाबांपासून वेगळी. मोठं घर, बाग, हसरा नवरा, स्वयंपाकाला माणूस. माळ्यानं प्लेट आणली त्याच दिवशी सकाळी, मी दात घासत असताना, तिचा फोन आला होता. "रविवारी मी गाडी घेऊन येतेय बाबांना न्यायला. तू आज मालकीणकाकूंना सांगून टाक, घर सोडतोय म्हणून. आजच हं. महिना संपायच्या आत सांगावं लागतं, नाहीतर त्या बसतील अडून."

"बाबांना विचारलंस?"

"मी मागे आले होते तेव्हा विचारलं की. गप्प बसले. म्हणजे हो."

"ताई, ते कायमच गप्प बसतात."

"मग कायमच हो," ताई म्हणाली. आणि मग जरा खाली येऊन, "अगं, फोनसुद्धा उचलत नाहीत ते. काही झालं, पडलेबिडले, तर आपल्याला कळणार कसं? मला झोप लागत नाही गं." मलाही लागत नव्हती. "सांगते आज," मी म्हटलं. मालकीणकाकू बाबांच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात. त्यांचं बोलणं जिन्यात दोन मजले ऐकू येतं, खालच्या कवळीच्या टकटकीसकट. ती कवळी बाबांच्या हातची नाही. ती काकूंनी आपल्या भाच्याकडून करून घेतली होती, आणि आईनं ते त्यांना शेवटपर्यंत माफ केलं नव्हतं. "घरात सुतार असून बाहेरून खुर्ची आणली बाईनं," ती म्हणायची, काकूंना ऐकू जाईल अशा बेतानं.

तर प्लेट. ज्या जनुकाची ती गोष्ट आहे, ते काढलं की जंतूला एक अगदी गरजेची वस्तू बनवता येत नाही. ती वस्तू ज्या खाण्यात आयती मिळते त्यावर तो मजेत राहतो. ते दाट, वासाचं, सगळं घातलेलं खाणं, माळी त्याला जावयाचं ताट म्हणतो. पण तिथून उचलून त्याला साध्या खाण्यावर ठेवलं, म्हणजे नुसती साखर, पाणी आणि चिमूटभर क्षार, तर माझं मॉडेल म्हणालं: शून्य. माळ्यानं खरोखरच ते जनुक काढलं, जंतू ताटावर पोसला, मग साध्या खाण्यावर पेरला. दोन दिवसांनी बघितलं, प्लेट कोरी. "वाढ नाही," त्यानं लिहिलं, मी माझ्या तक्त्यात बरोबरची खूण केली आणि सगळ्या मजल्याला कॉफी पाजली. माझं भाकीत बरोबर आलं की मी जरा दिलदार होते. ती प्लेट त्यानंतर कचऱ्यात जायला हवी होती. ती उबेच्या कपाटात एका मोठ्या चंबूमागे सरकली आणि तिथेच राहिली. काल माळी कपाट आवरत होता.

"दुसऱ्याच कुणाचा जंतू शिरला असेल आत," मी म्हटलं. हे म्हणावंच लागतं.

"मी काय काल जन्मलोय? कालपासून तपासतोय. जंतू आपलाच. जनुक गायब आहे आणि पठ्ठ्या हजर आहे. खात्री नसती तर तुझ्या दारात आलो असतो का शेखी मिरवायला?"

"मग इतके दिवस हा काय करत होता?"

"मला काय विचारतेस," माळी म्हणाला. "बसला असेल."

आणि तो गेला. मी ते दोन शब्द घेऊन बसले. बसला असेल. इतक्या सहज म्हणाला तो, आणि माझ्या डोळ्यांपुढे खिडकी आली, खिडकीशी खुर्ची, खुर्चीच्या पाठीवर बाबांच्या डोक्यानं पडलेला मळकट गोल डाग. मी स्वतःला दटावलं. बाबा म्हणजे काही प्लेट नव्हेत. आणि माणसाची जंतूशी बरोबरी करायचीच तर निदान घरचं माणूस तरी सोडायचं. पण हसू होतं ते उतरेना. मी खुर्ची पुढे ओढली आणि हा कुठून जगला ते शोधायला लागले. असल्या शोधासारखं सुख नाही. एरवी मॉडेल सांगतं आणि जंतू ऐकतो. आज जंतू सांगत होता. हजार बाणांमधून, गल्ल्यांमधून, मी मागे मागे जात होते, जिथे ती गरजेची वस्तू लागते तिथपासून उलट: ही हिच्यापासून होते, तो रस्ता पुसलेला, तिच्यापासून होते, तिथे कच्चा माल नाही, घोडं पेंड खातंय कुठे? दुपारी जेवायला सगळे गेले, माझ्या डब्याचं झाकण नुसतंच उघडं राहिलं. खिडकीखाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरं कुणीतरी "येऊ दे, येऊ दे" करत होतं. मी पण तेच म्हणत होते.

हे जनुक मला चांगलं आठवत होतं, कारण त्याच्याबद्दल मी बाबांना सांगितलं होतं. सुट्टीच्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे जायची ते संध्याकाळपर्यंत बोलायची. घरात कुणीतरी बोललं पाहिजे म्हणून, आईची जागा ओस पडू नये म्हणून, खरं तर भीतीनं. आधी हवापाणी, मग ताईची मुलं, मग भाज्यांचे भाव, मग ऑफिसातल्या लिफ्टचं दुखणं. हे सगळं अकरा वाजेस्तोवर संपायचं. मग एके दिवशी, दुसरं काही उरलंच नाही म्हणून, मी त्यांना जंतू सांगायला लागले. बाण सांगितले, जनुकं सांगितली, माळी सांगितला, जावयाचं ताट आणि साधं खाणं सांगितलं. "आणि बाबा, हे एक जनुक काढलं ना, तर ताटावर मजेत राहतो, पण साध्या खाण्यावर ठेवला की मेला. माझं भाकीत होतं, तस्संच झालं." बाबा खिडकीतून समोरच्या गच्चीकडे बघत होते. तिथे कुणीतरी चादरी वाळत घालत होतं. त्यांनी मांडीवरचा पावाचा एक कण दोन बोटांनी उचलला आणि बशीत ठेवला. पालथ्या घड्यावर पाणी, मी मनात म्हटलं, आणि पाणी घालत राहिले.

चारच्या सुमाराला बाण सापडला. सापडला म्हणजे, होताच. मीच त्याला अडवून ठेवलं होतं. मॉडेल उभारताना प्रत्येक बाणाबद्दल ठरवावं लागतं, हा एकेरी की दुहेरी. सगळेच दुहेरी सोडले तर मॉडेल चावटपणा करायला लागतं, गोल गोल फिरून फुकटात शक्ती कमावतं. तेव्हा शिस्त लावावी लागते. ह्या बाणाबद्दल सगळीकडे लिहिलं होतं, इकडून तिकडे जातो. तिकडून इकडे येताना कुणी पाहिलेला नव्हता. म्हणून मी तिकडून यायची वाट शून्यावर बंद केली आणि विसरून गेले. ज्याला कायम घेतानाच पाहिलं, तो देईल असं मनात यायचंच कारण नव्हतं. आता मी ते शून्य खोडलं, बाण दोन्ही बाजूंनी मोकळा केला, आणि कंप्युटरला पुन्हा विचारलं: आता? तो क्षणभर थांबला. शून्य, मग टिंब, मग पुन्हा शून्य, मग चार. एवढासाच. रांगणारा. पण शून्य नव्हे. मी उठले, पॅसेजच्या टोकापर्यंत गेले, पाण्याच्या यंत्रावर हात ठेवून उभी राहिले आणि परत आले, कारण आनंद झाल्यावर नेमकं कुठे जायचं असतं ते मला ठाऊक नव्हतं. आईला फोन करायची मी अशा वेळी. ती "बाई गं!" म्हणायची आणि मग "थांब, ह्यांना सांगते" म्हणून फोन बाजूला ठेवायची, आणि मला ऐकू यायचं, ती माझी गोष्ट माझ्यापेक्षा रंगवून सांगतेय, आणि मागे चाकाचं गुणगुणणं.

मी खाली माळ्याकडे गेले. "उलटा चाललाय," मी म्हटलं. "एरवी जो रस्ता नुसता घेतो, त्या रस्त्यानं देतोय."

"इतके दिवस का लावले मग?"

"वळायला वेळ लागला असेल. एरवी कधी गरजच पडली नाही ना. ताटावर असताना कोण कशाला वळेल?"

हे माझ्याच तोंडून निघालं. ताईचं घर आठवलं. मऊ गाद्या, वेळच्या वेळी जेवण, नातवंडांचा गलका, दिवसभर कुणी ना कुणी बाबांच्या वतीनं बोलणार: आजोबांना हे आवडतं, आजोबांना ते नको. ताटच ते. त्या ताटावर बाबा कितीही वर्षं मजेत राहिले असते, अगदी असेच, खुर्चीत. मग माळ्यानं प्लेट माझ्या हातातून काढून घेतली आणि म्हणाला, "फार हुरळू नकोस. लाखांनी पेरले होते मी. उगवले किती, बघ. बाकीचे सगळे तुझ्या मॉडेलचं ऐकून निमूट मेले." खरंच होतं ते. लाखांतल्या मूठभरांनी वळायचं ठरवलं. आणि माझ्याकडे बाबा एकच होते. त्यांना साध्या खाण्यावर ठेवून वाट बघायची, आणि ते त्या मूठभरांतले नसले तर? एका प्लेटच्या भरवशावर आपल्या बापाला एकटं सोडणारी मुलगी, असं ताई म्हणेल, आणि बरोबर म्हणेल. माझं हसू तिथे, तळमजल्यावरच्या त्या खमंग, आंबूस वासात, पहिल्यांदा जरा डळमळलं. पण गेलं नाही. मी दप्तर आवरलं आणि निघाले. काकूंना काय सांगायचं ते माझं ठरलेलं नव्हतं.

बाबांच्या घरापर्यंत बसनं जाता येतं, पण मी चालत गेले. पायांना बसवत नव्हतं. संध्याकाळचा उजेड दुकानांच्या काचांवर, लोकांच्या चष्म्यांवर, एका बाईच्या पिशवीतून डोकावणाऱ्या पातीच्या कांद्यावर. सगळीकडे माणसं घराकडे चालली होती, आणि मला प्रत्येकाच्या आतले बाण दिसत होते, घाईनं पळणारे, साखर इकडे, साखर तिकडे. कुणाच्या तरी आत आत्ता ह्या क्षणी काहीतरी बंद पडलेलं असेल, आणि कुठे बाहेर दिसत होतं? एक म्हातारा गृहस्थ फुटपाथवर थांबून बुटाची नाडी बांधत होता. मला उगाच थांबून त्याला शाबास म्हणावंसं वाटलं. आणि मग त्याच दमात भीती. काकूंची घंटी वाजवली तेव्हा दोन्ही एकदमच होतं.

काकूंनी दार उघडलं ते तोंडावर रुमाल धरून. "ये गं, ये," त्या म्हणाल्या, म्हणजे तसं काहीतरी. शब्दांना कडाच नव्हत्या.

"काकू, बरं नाही का?"

"दात," काकू म्हणाल्या आणि रुमालातूनच वर बोट दाखवलं. "वर आहेत. तुझ्या बाबांकडे."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात काही गोंधळ आहे. काकूंनी मला आत ओढलं, दार लावलं, आणि दात नसल्यानं ज्यांचं काही अडत नाही अशा उत्साहानं सांगायला लागल्या. "दुपारी घंटी वाजली. बघते तर हे. दारात उभे. ना कसं काय, ना काही. म्हणतात, 'तुमची खालची कवळी डावीकडनं उचलली जाते. जिन्यावरनं ऐकतोय कितीतरी वर्षं. आणा इकडे.' मी बाई घाबरून दिली काढून! मग बसले इथे, ह्या खुर्चीत. तासभर. कुठे टोचतं, चावताना कसं होतं, सगळं विचारलं. अगं, चांगला बोलतो की माणूस! मी तुझ्या आईला सांगत होते, तू जरा थांबलीस ना, तर..." आणि इथे त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला आणि लगेच पुन्हा तोंडाला. "ते जाऊ दे. तू कशाला आली होतीस? काही काम होतं?"

काम होतं. ओठांवर तयार होतं. महिना संपायच्या आत सांगावं लागतं.

"काही नाही, काकू," मी म्हटलं. "सहज आले होते."

जिना मी लहान मुलीसारखा चढले, एक सोडून एक पायरी. वरच्या वळणावर थबकले, कारण आतून आवाज येत होता. दोन आवाज. एक चाकाचा. बारीक, गुणगुणता, अधूनमधून कशावर तरी टेकून जाड होणारा. दुसरा पुरुषाचा, घोगरा, न वापरलेल्या दारासारखा, आणि तो कुणाचा हे कळायला मला, त्यांच्या मुलीला, दोन पायऱ्या लागल्या. दार नुसतं लोटलेलं होतं. मागच्या खोलीत चादर घडी घालून खुर्चीच्या पाठीवर टाकलेली, दिवा लावलेला, आणि बाबा टेबलाशी वाकलेले, काकूंची कवळी चिमटीत. समोर प्लास्टरच्या बरणीला टेकवून फोन उभा केलेला, आणि त्यातून ताई.

"पण बाबा, तुम्ही एकटे—"

"ऐकलं मी. एकटा आहे. ठाऊक आहे मला."

"तुम्ही मला आपणहून फोन केलात? तुम्ही? तुम्हाला नंबर कुणी लावून दिला?"

"बोटानं लावला," बाबा म्हणाले. "रविवारी ये. जेवायला ये. गाडीत सामान भरायला येऊ नकोस. मला इथे काम आहे."

"कसलं काम?"

"काकूंचे दात. मग समोरच्या इमारतीतल्या मास्तरांचे. ते जेवताना एकाच बाजूनं चावतात, मला खिडकीतनं दिसतं. आणि तू रडू नकोस. मी फोन करीन. रोज नाही. पण करीन." मग त्यांनी मान वर केली आणि मी त्यांना दिसले. "धाकटी आलीये. ठेवतो," ते म्हणाले, आणि ताई काही म्हणायच्या आत ठेवलाही.

मी दारातच उभी होते. मला इतका आनंद झाला होता की काय करावं ते सुचेना. दप्तर खाली ठेवावं हेही सुचेना. आईला सांगायला हवं, हे पहिलं मनात आलं, आणि दुसरं, ताईला पहिला फोन, मला नाही, ह्याचा एक बारीक, शुद्ध, शाळकरी मत्सर. बाबांनी पायानं दुसरी खुर्ची माझ्याकडे सरकवली. मी आईसारखंच तोंड उघडलं, सगळं एकदम सांगायला, काकू, रुमाल, घर, सकाळचा फोन. पण बाबा आधी बोलले.

"ते तुझं जगलं का गं?"

"कुठलं?"

"ते. ज्याचं तू एक काढलं होतंस. साध्या खाण्यावर ठेवलं होतं. मेलं म्हणाली होतीस."

"जगलं," मी म्हटलं. माझा आवाज मलाच बारीक वाटला. "आज कळलं. जगलं, बाबा."

बाबांनी मान हलवली, आपल्याला आधीपासून ठाऊक असलेली गोष्ट कुणी उशिरा सांगावी तशी. "मला तेव्हाच पटलं नव्हतं," ते म्हणाले. "दोनच दिवस बघितलंत तुम्ही. दोन दिवसांत काय होतंय?"

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

त्यांनी कवळी दिव्याखाली धरली, डावी बाजू अंगठ्यानं चाचपली, फुंकर मारून भुकटी उडवली.

"तू बोलत होतीस," बाबा म्हणाले.

मी तोंड मिटलं. दप्तर खाली ठेवलं, खुर्चीत बसले, आणि हात मांडीवर ठेवले. बाबांनी चाक पुन्हा सुरू केलं, आणि त्याच्या आवाजावर जरा आवाज चढवून सांगायला लागले.